शाळूच्या (रब्बी ज्वारीच्या) सहा जाती कोरडवाहू रानात तपासायच्या आहेत, मांडणी कशी करावी?

आटपाडी_कोरडवाहू

नमस्कार मंडळी. आटपाडी तालुक्यात आमचा कोरडवाहू शेतकऱ्यांचा छोटा गट आहे. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आमच्या शिवारात पोचलेलं नाही, त्यामुळे रब्बीत शाळूशिवाय फारसा पर्याय नसतो. बहुतेकांचं बियाणं मालदांडी, काहींचं घरचं जुनं. राहुरी कृषी विद्यापीठाच्या नव्या जाती हलक्या रानात तग धरतात असं ऐकतो, पण आमच्या मातीत त्या खरोखर किती टिकतात हे स्वतः मोजून बघायचं ठरवलंय.

जाती सहा : मालदांडी ३५-१, फुले अनुराधा, फुले माउली, फुले सुचित्रा, फुले वसुधा आणि गावातलं घरचं बियाणं. रान वीस गुंठ्यांचं आहे. पश्चिमेकडे हातभर खाली मुरूम लागतो, पूर्वेला ताल (माती अडवणारा बांध) असल्यामुळे माती बरीच खोल आहे. उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे. शेततळ्यातून एखादं संरक्षित पाणी देता येईल एवढी सोय आहे.

आमचा बेत असा : उताराच्या दिशेला आडवे सहा लांब पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात एक जात, तिफणीने पेरायची आणि शेवटी प्रत्येकाचं धान्य आणि कडबा वजन करायचा. एवढ्यावर भागेल का? वजनाशिवाय आणखी काय मोजावं? नेमके आकडे सांगितलेत तर उपकार होतील.

---

मुरूम_ते_माती

बेत चांगला आहे, पण पट्टे असे टाकू नका. या मांडणीत तुम्ही जाती मोजणार नाही, मातीची खोली मोजाल.

हिशेब बघा. मध्यम ते भारी काळ्या मातीत पिकाला उपसता येणारा ओलावा ढोबळमानाने दर मीटर खोलीला १५० ते २०० मिमी धरतात. म्हणजे फूटभर जास्त माती असली की पिकाला साधारण ५० मिमी पाणी जास्त मिळालं. ऐन वाढीत शाळू दिवसाला ४-५ मिमी पाणी खर्च करतो. एक फूट खोलीचा फरक म्हणजे दहा-बारा दिवसांचं जगणं. दोन जातींमधला फरक बहुतेक वेळा याहून कमी असतो. पश्चिमेच्या पट्ट्यात पडलेली जात हरणार आणि तालीजवळची जिंकणार, मग नावं कुठलीही असोत.

म्हणून पेरणीआधी खोलीचा नकाशा करा. एक चांगला पाऊस झाला की वाफशावर (माती ओली पण चिखल नसताना) १२ मिमीची चार फुटी लोखंडी सळई घ्या, तिच्यावर दर १० सेंमीला खूण करा आणि दर पाच मीटरवर घणाने ठोका. मुरमाला लागली की आवाज आणि हाताला बसणारा झटका दोन्ही बदलतात. तो आकडा वहीत मांडा. वीस गुंठ्यांत साधारण ८० जागा होतील, दोघांचं एका दिवसाचं काम आहे. एखाद्या ठिकाणी दगड लागून चुकीचा आकडा येतो. शेजारच्या जागांपेक्षा एकदम कमी आला तर फूटभर सरकून पुन्हा ठोका.

नकाशावर सारख्या खोलीचे चार तुकडे निवडा. या प्रत्येक तुकड्याला आपण गट म्हणू. प्रत्येक गटात सहाही जाती एकेकदा आल्या पाहिजेत, आणि कुठल्या वाफ्यात कुठली जात हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. प्रत्येक गटासाठी चिठ्ठ्या नव्याने टाकायच्या. चारही गट एकमेकांना लागून असायची गरज नाही, गटाच्या आतली माती मात्र सारखी हवी. एक गट ४० सेंमीवर आणि दुसरा ७० सेंमीवर असला तरी चालतं, कारण तुलना गटाच्या आत होते.

काही जागा सोडायच्याच : बांधावरच्या बाभळी-लिंबापासून दहा मीटर, शेजारी पाण्याखालची डाळिंबाची बाग असेल तर तिच्या बाजूचा पाझर येणारा पट्टा, जुना उकिरडा किंवा जनावरं बांधायची जागा. उकिरड्याच्या जागेवरचा शाळू पुढची कित्येक वर्षं गर्द हिरवा दिसतो आणि बघणारा त्याचं श्रेय जातीला देतो.

---

पीकशास्त्र_मिरज

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आता वाफ्याचे आकडे.

दोन ओळींत ४५ सेंमी, दोन रोपांत १५ सेंमी. वाफा सहा ओळींचा आणि ५ मीटर लांबीचा, म्हणजे २.७ × ५ = १३.५ चौरस मीटर. वजन करताना दोन्ही कडेची एकेक ओळ आणि दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा मीटर सोडायचा. आतल्या चार ओळी × ४ मीटर = ७.२ चौरस मीटर उरतात, त्यात साधारण १०७ ताटं (शाळूची उभी रोपं). कडेची ओळ का सोडायची? शेजारचा वाफा बुटक्या किंवा लवकर पिकणाऱ्या जातीचा असला तर कडेच्या ताटांना त्याचं उरलेलं पाणी आणि ऊन मिळतं. उंच जात शेजारी असली तर उलट घडतं.

७.२ चौरस मीटरचं १ किलो धान्य म्हणजे एकरी ५.६ क्विंटल. हे प्रमाण लक्षात ठेवा, कारण त्यावरून काट्याची किंमत कळते. काटा ५० ग्रॅमने चुकला तर एकरी २८ किलो चुकतात. ताणकाटा वापरू नका, किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा हवा.

सहा जाती × चार गट = २४ वाफे, ३२४ चौरस मीटर. गटांमधल्या वाटा आणि चहूबाजूंनी मालदांडीच्या चार-चार संरक्षक ओळी धरून पाच गुंठे लागतील.

तिफण वापरू नका. नळीत आणि चाड्यात आधीच्या जातीचे दाणे राहतात, शिवाय बी एकसारखं पडत नाही. टोकण करा. खुणांची दोरी लावून दर १५ सेंमीला दोन दाणे, ५ सेंमी खोल. उगवणीनंतर दहा-बारा दिवसांनी विरळणी करून एकेक रोप ठेवा. वाफ्याला सुमारे ४०० दाणे लागतात, हजार दाण्यांचं वजन ३५ ग्रॅम धरलं तर १४ ग्रॅम. चार वाफ्यांना ५६ ग्रॅम. तुटवडा नको म्हणून जातीमागे १०० ग्रॅम घ्या. त्याआधी प्रत्येकाचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. घरचं बी ७० टक्के आणि विकतचं ९० टक्के उगवत असेल तर घरच्या बियाण्याचे तीन दाणे टाका.

बीजप्रक्रिया सगळ्यांना एकच : काणी रोगासाठी ३०० मेश गंधक किलोला ४ ग्रॅम, नंतर अ‍ॅझोटोबॅक्टर आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) प्रत्येकी २५ ग्रॅम. विकतच्या बियाण्याला कीटकनाशकाचा लेप आधीच असेल तर घरच्या बियाण्यालाही तोच द्या, नाहीतर खोडमाशीतला फरक जातीच्या नावावर खपेल.

खत मध्यम रानाच्या कोरडवाहू शिफारशीने, हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद. वाफ्याला युरिया ११७ ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट १६९ ग्रॅम. सहा पुड्या करून ओळीगणिक द्या, सगळं पेरतानाच. कोरडवाहूत वरखत द्यायला ओल राहीलच याची खात्री नसते.

एका दिवसात सगळे २४ वाफे टोकून होणं फार महत्त्वाचं. नाहीच झाले तर गट अर्धा सोडू नका. आज दोन गट पूर्ण, उद्या दोन. कोळपणीलाही हाच नियम : तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यातली कोळपणी गट पुरा करूनच थांबवायची. तिसरी कोळपणी दातेरी कोळप्याने करा, भेगा बुजतात.

---

शाळू_अभ्यासक

माती बाजूला काढलीत. आता दुसरी गोष्ट बाजूला काढायची, ती म्हणजे फुलोऱ्याची तारीख. माझ्या मते अशा चाचण्यांत सर्वांत जास्त फसगत इथे होते.

तुमच्या यादीत फुले अनुराधा १०५ ते ११० दिवसांत येते, माउली ११० ते ११५, वसुधा ११६ ते १२०. मालदांडी त्याच्याही थोडी मागे. रानातली ओल डिसेंबरच्या अखेरीला संपली तर अनुराधाचा दाणा भरत आलेला असेल आणि मालदांडीचा दुधात असेल. अनुराधा जिंकली म्हणून ती पाण्याचा ताण सोसते असं सिद्ध होत नाही, ती ताण येण्याआधी सुटली. शेतकऱ्याला दोन्ही उपयोगाचं आहे, पण दोन्हींचा सल्ला वेगळा. सुटणारी जात हलक्या रानात आणि लवकर ओल संपणाऱ्या वर्षात चालते. परतीचा पाऊस भरपूर झाला आणि माती खोल असली तर तीच जात मागे पडते, कारण उरलेलं पाणी वापरायला ती रानात नसते.

म्हणून प्रत्येक वाफ्यात अर्ध्या ताटांची कणसं निम्मी फुलली की ती तारीख लिहा. फुलोरा कणसाच्या शेंड्याकडून खाली उतरतो, पिवळे परागकोश दिसतात. फुलोऱ्याच्या दिवसांत एक दिवसाआड सकाळी फेरी मारा. ही नोंद फुकट आहे आणि ती नसेल तर बाकीच्या आकड्यांचा अर्थच लागत नाही. शेवटी आलेखावर आडव्या अक्षावर फुलोऱ्याचे दिवस आणि उभ्या अक्षावर उत्पादन मांडा. सगळे ठिपके एका उतरत्या रेषेवर बसले तर फरक लवकर येण्याचा होता. जी जात त्या रेषेच्या बरीच वर बसली, ती ताण सोसणारी.

दुसरी नोंद पानांच्या हिरवेपणाची. दाणा भरताना पाणी कमी पडलं की साधा शाळू खालच्या पानांपासून भराभर वाळतो. काही वाणांत पानं शेवटपर्यंत हिरवी राहतात, त्याला संशोधनात ‘स्टे-ग्रीन’ म्हणतात. या गुणाचा जगभर वापरला गेलेला स्रोत म्हणजे बी-३५, इथिओपियातल्या ज्वारीपासून आलेली ओळ. तिच्यात या गुणाशी जोडलेले चार मुख्य जनुकीय भाग सापडले आहेत, एसटीजी-१ ते एसटीजी-४. ते कसे काम करतात हे आता बऱ्यापैकी उलगडलंय. या ओळींची ताटं फुटवे कमी करतात, वरची पानं आकाराने लहान ठेवतात, म्हणून फुलोऱ्याआधी पाणी कमी खर्च होतं आणि वाचलेलं पाणी दाणा भरताना कामाला येतं. तुमच्या रानात हे बघायचं असेल तर फुटवेही मोजा. पंचेचाळिसाव्या दिवशी भरमसाट हिरवी आणि रुंद पानांची दिसणारी जात बघून हरखून जाऊ नका, ती नव्वदाव्या दिवसाचं पाणी तेव्हाच पीत असते.

मोजायची पद्धत : आतल्या चार ओळींतल्या दहा ताटांना सुतळी बांधा. फुलोऱ्यापासून दर आठवड्याला त्याच ताटांची हिरवी पानं मोजा. अर्ध्याहून जास्त हिरवं असलेलं पान हिरवं धरा. दाणा पक्व झाल्याची खूण म्हणजे दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका. कणसाच्या मधल्या भागातल्या दाण्यांत तो दिसला की त्या दिवशीची मोजणी शेवटची.

इथे एक सापळा आहे. ज्या ताटाला दाणाच भरलेला नाही, त्याची पानंही हिरवी राहतात. पानातलं अन्न ओढून घ्यायला दाणाच नसेल तर पान वाळेल कशाला? पाखरांनी खाल्लेली, कणसात दाणे कमी धरलेली ताटं हिरवीगार उभी दिसतात. त्यामुळे हिरवी पानं आणि त्याच ताटाच्या कणसाचं वजन या दोन्ही नोंदी शेजारीशेजारी लिहा. दोन्ही चांगली असतील तरच गुण खरा.

खडखड्या रोगाची नोंदही याच ताटांवर करा. ही बुरशी (मॅक्रोफोमिना) मातीत असतेच. फुलोऱ्यानंतर ओल संपली आणि जमीन तापली की ती मुळातून खोडात शिरते. ताट बुडाशी मऊ पडतं, वाऱ्याने लोळतं. काढणीला दहा ताटं बुडापासून उभी चिरा. आत भुसा उरलेला आणि मोहरीहून बारीक काळे कण दिसले तर रोग आहे. तो किती पेरं वर चढलाय ते मोजा. लोळलेली ताटं वेगळी मोजा, पण प्रत्येक लोळलेलं ताट खडखड्याचं नसतं. वाऱ्याने मुळासकट कललेलं वेगळं लिहा.

---

माणदेशी_रान

पाखरांची गोष्ट राहिली. लहान चाचणीत सर्वांत आधी दाणा भरणाऱ्या जातीवर आसपासच्या सगळ्या चिमण्या उतरतात, कारण शिवारात तेवढंच दुधाळ कणीस असतं. तुमच्या चाचणीत तो मार अनुराधाला बसेल आणि नंतर लोक म्हणतील अनुराधा पिकत नाही. पाच गुंठ्यांवर पक्षिरोधक जाळी टाकणं सोपं आहे. तेही जमत नसेल तर दर वाफ्यात आठ कणसांना दाणा दुधात येण्याआधी जाळीच्या पिशव्या बांधा. पिशवीतल्या आणि उघड्या कणसांच्या वजनातला फरक म्हणजे पाखरांनी किती नेलं त्याचा आकडा. कागदी पिशवी चालते पण दव धरते आणि आत बुरशी येते.

आणि शाळू उपटू नका, चाचणीपुरता जमिनीलगत कापा. मुळाला चिकटलेली माती कडब्याच्या वजनात जाते.

---

आटपाडी_कोरडवाहू

फार मोलाची माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. तीन शंका आहेत.

एक, संरक्षित पाणी द्यायचं की नाही? एकजण म्हणाला की पाण्याखाली आणि बिनपाण्यावर अशा दोन चाचण्या घेतल्या तर ‘ताण निर्देशांक’ काढता येतो. दोन, कुठे तुटाळ झाली तर नांग्या भरायच्या (रिकाम्या जागी पुन्हा बी टोकायचं) का? तीन, चार गट खरोखर लागतात का? दोन गटांत भागलं तर मजुरी निम्मी होईल.

---

मुरूम_ते_माती

पाण्याचं सांगतो. दोन चाचण्या घेतल्या तर चांगलंच, पण त्या सारख्या खोलीच्या मातीवर शेजारी घ्या. पाणी दिलेली चाचणी तालीजवळच्या खोल मातीत आणि कोरडी मुरमावर, असं केलं तर पुन्हा मातीच मोजली जाईल. दोघांत निदान चार मीटरचं अंतर आणि मध्ये दोन फुटी चर. चर नसेल तर पाणी खालून पाझरून कोरड्या बाजूच्या कडेच्या वाफ्यांना मिळतं.

शाळूच्या पाण्याच्या नाजूक अवस्था चार : २८-३० दिवस, पोटरीत (कणीस अजून पानाच्या आवरणात असताना) ५०-५५ दिवस, फुलोऱ्यात ७०-७५ आणि दाणा भरताना ९०-९५. चाचणीसाठी एकच पाणी असेल तर मी पोटरीतलं निवडेन. पाच गुंठ्यांना ६० मिमी म्हणजे ३० हजार लिटर. पाटाने सोडलं तर पहिल्या वाफ्यात जास्त आणि शेवटच्यात कमी जातं. प्रत्येक वाफ्याला बांध घालून पाइपने द्या. वाफ्याला सुमारे ८०० लिटर. पाइपचा प्रवाह बादली आणि घड्याळाने मोजला की किती मिनिटं धरायचा ते निघतं.

आता निर्देशांक. फिशर आणि मॉरर यांनी १९७८ साली मांडलेला हा आकडा अजून खूप वापरला जातो. जातीची घट (१ वजा कोरडं भागिले ओलं) भागिले सगळ्या चाचणीची सरासरी घट. १ पेक्षा कमी आला तर जात ताणात कमी घटते. काढायला सोपा आहे, पण एकट्या त्याच्यावर निवड केलीत तर नुकसान होईल. उदाहरण घ्या. ‘क’ जात पाण्यावर एकरी १२ क्विंटल, कोरड्यात ८. ‘ख’ जात पाण्यावर ८, कोरड्यात ६.५. सगळ्या चाचणीची सरासरी १० आणि ७ धरू, म्हणजे सरासरी घट ०.३. ‘क’चा निर्देशांक १.११ आणि ‘ख’चा ०.६३. निर्देशांक ‘ख’ला निवडतो, पण दुष्काळातही घरात जास्त धान्य ‘क’नेच आणलंय! मुळात कमी पिकणाऱ्या जातीला घटायला जागाच नसते. म्हणून आधी कोरड्यातलं उत्पादन बघा, मग दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढा (‘क’चं ९.८, ‘ख’चं ७.२), आणि निर्देशांक शेवटी.

ओलही मोजा, महाग नाही. पेरणीला, फुलोऱ्यात आणि काढणीला, प्रत्येक गटात दोन ठिकाणी गिरमिटाने ०-१५, १५-३०, ३०-६० सेंमी आणि माती असेल तिथे ६०-९० सेंमीचे नमुने घ्या. लगेच झाकणाच्या डब्यात भरा. शंभरेक ग्रॅम ओली माती तोलून १०५ अंशांवर २४ तास वाळवायची. ओलं वजन वजा कोरडं, भागिले कोरडं, गुणिले शंभर. भट्टीसाठी कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र किंवा कऱ्हाडचं कृषी महाविद्यालय इथे विचारा. नमुना प्लास्टिकच्या उघड्या पिशवीत उन्हात ठेवून नेला तर त्याचा काही उपयोग नाही. भोकं कडेच्या ओळींत पाडा आणि मातीने बुजवा, नाहीतर भोक भेगेसारखं वागतं आणि तिथून ओल उडते.

टक्क्यावरून मिमी काढायचे तर मातीची घनता लागते, काळ्या मातीला १.३ धरा. वरच्या ३० सेंमीत २२ टक्के ओल म्हणजे ०.२२ × १.३ × ३०० = सुमारे ८६ मिमी. यातलं सगळं पिकाला मिळत नाही, काळी माती बराच भाग धरून ठेवते. म्हणून पेरणीचा आकडा वजा काढणीचा आकडा, अधिक मधला पाऊस, हा पिकाच्या पाणीखर्चाचा हिशेब. जातीचं धान्य भागिले हा खर्च केलात की मिमीमागे किती किलो ते निघतं. जातवार हिशेबाला नमुने मात्र प्रत्येक वाफ्यात घ्यावे लागतील. ते जड वाटलं तर फक्त मालदांडी आणि अनुराधा या दोनच जातींच्या वाफ्यांत घ्या.

---

पीकशास्त्र_मिरज

नांग्या आठवड्याच्या आत त्याच जातीच्या भिजवलेल्या बियाण्याने भरा. नंतर भरू नका. मागून आलेलं रोप मोठ्यांच्या सावलीत राहतं, पाणी पितं आणि कणीस देत नाही.

खोडमाशीने पोंगे (रोपाचे मधले कोवळे शेंडे) मरतात, त्यामुळे उगवणीनंतर १४, २१ आणि २८ दिवसांनी मेलेले पोंगे मोजा. पोंगा ओढला की सहज निघतो आणि बुडाला कुजका वास येतो, ती खूण. काढणीला आतल्या चार ओळींतली ताटं मोजा. १०७ ऐवजी ८५ च्या खाली आली तर मी तो वाफा हिशेबातून काढतो. ‘ताटं कमी होती म्हणून वजन तेवढ्या पटीने वाढवू’ असं करू नका. कोरडवाहूत मोकळ्या जागेशेजारच्या ताटाला तिथलं पाणी मिळतं आणि त्याचं कणीस मोठं होतं. पटीत वाढवलंत तर विरळ वाफा खोटा जिंकतो.

गटांचं. ताणाच्या चाचणीत एकाच जातीच्या वाफ्यांत एकरी १.२ क्विंटल एवढं चढउतार धरा, हलक्या रानात हे सहज होतं. चार गट असले तर ‘क्रांतिक फरक’ (दोन जातींत याहून जास्त फरक दिसला तरच तो खरा धरायचा) येतो १.८ क्विंटल, दोनच असले तर ३.१. याचा अर्थ दोन गटांत ‘अमुक जात अडीच क्विंटल जास्त’ असं दिसलं तरी ते नशिबाने घडलं की जातीने, सांगता येणार नाही. निम्मी मजुरी वाचवून सगळीच मजुरी वाया घालवू नका. पैसे कमी असतील तर जाती चार करा, गट चारच ठेवा.

हिशेब एक्सेलमध्ये होतो. डेटा अ‍ॅनालिसिसमधलं ‘अ‍ॅनोव्हा : टू-फॅक्टर विदाउट रेप्लिकेशन’ निवडा, ओळींत जाती आणि स्तंभांत गट. त्यातल्या ‘एरर’ समोरचा ‘एमएस’ घ्या. त्याची दुप्पट करून गटांच्या संख्येने भागा, वर्गमूळ काढा, आणि चार गट-सहा जातींसाठी २.१३१ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे क्रांतिक फरक. एखादा वाफा बाद झाला असेल तर मात्र हे कोष्टक तसंच चालत नाही, कृषी महाविद्यालयातल्या सांख्यिकीच्या कुणाला दाखवा.

धान्य उन्हात वाळवून तोला आणि ओलावा १२ टक्क्यांवर आणा. १६ टक्के ओलाव्याचं १.१० किलो धान्य म्हणजे १.१० × ८४ ÷ ८८ = १.०५ किलो. कडब्याचं सगळ्या वाफ्यांचं त्याच दिवशी ओलं वजन करा, प्रत्येकाचा एक किलो नमुना तुकडे करून वजन थांबेपर्यंत वाळवा आणि त्या प्रमाणात बदला. आपल्याकडे जात धान्यावर जिंकून कडब्यावर हरते. उंची, खोडाची जाडी आणि जनावरं किती उष्टावण टाकतात, हेही लिहा. आटपाडीत दुधाचा धंदा ज्या घरात आहे तिथे एकरी अर्धा क्विंटल धान्यापेक्षा चांगला कडबा जास्त मोलाचा ठरतो.

---

शाळू_अभ्यासक

दोन गोष्टी जोडतो.

चाचणीतल्या वाफ्यातून पुढच्या वर्षाचं बी धरू नका. शाळू मुख्यतः स्वपरागी असला तरी काही टक्के परपरागीकरण होतंच, आणि सहा जाती मीटरभर अंतरावर असताना ते वाढतं. बी धरायचं तर निसवताना (कणीस बाहेर पडताना), फुलोरा सुरू व्हायच्या आधी, निवडक कणसांना कागदी पिशव्या बांधा आणि दाणा धरला की पिशव्या काढा. गावातल्या जुन्या बियाण्यासाठी हे जरूर करा. त्यात मिसळ असते, त्यामुळे निदान पन्नास ताटांची कणसं धरा, एक-दोन देखणी नव्हे. जी विविधता त्याला तग धरायला लावते ती दोन कणसांत उरत नाही. मालदांडीसुद्धा १९३०च्या दशकात मोहोळला स्थानिक ज्वारीतूनच निवडलेली आहे, म्हणजे असं बियाणं कच्चा माल म्हणून किती मोलाचं असतं ते बघा. २००१च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकायचा हक्क दिलेला आहे, आणि शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदणीही होते.

दुसरं, एका रानातल्या एका हंगामावर निकाल जाहीर करू नका. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस जोरात झाला तर तुमच्या कोरड्या चाचणीत ताण येणारच नाही. तो हंगाम वाया गेला असं समजू नका, ती ‘ओल्या वर्षाची’ नोंद. तीन हंगाम तरी धरा. सोबत तुमच्या शेतकरी गटातल्या दहा-बारा जणांना प्रत्येकी फक्त दोन-दोन नव्या जाती द्या, त्यांच्या नेहमीच्या बियाण्याशेजारी दहा-दहा ओळी टोकायला. जाती वाटताना पुन्हा चिठ्ठ्या, म्हणजे प्रत्येक जात हलक्या आणि खोल दोन्ही रानांत जाईल. त्यांच्याकडून वजनाची अपेक्षा नको. तीन प्रश्न पुरे : धान्याला पहिली कुठली, कडब्याला कुठली, भाकरीला कुठली. मुख्य चाचणी एका जागी आणि तिची पिल्लं शेतकऱ्यांच्या रानांत, ही पद्धत मलावीत मक्याच्या शेतीत वापरली गेली. आपल्या विखुरलेल्या हलक्या रानांना ती चांगली लागू पडते. प्रत्येकाच्या रानात सळई ठोकून खोली मात्र लिहून घ्या.

पेरणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात धरताय ना? तर खोलीचा नकाशा ऑगस्टमधल्या पहिल्या वाफशावर उरका, आणि लगेच बारा-बारा फुटांचे सपाट वाफे पाडून पाऊस अडवा (हे चाचणीचे वाफे नव्हेत, फक्त पाणी मुरवायचे). वाफे एकाच मापाचे असू द्या. लहान-मोठे वाफे पाडले तर काही जागी पाणी जास्त मुरतं आणि पेरणीच्या दिवशीच ओलीत फरक पडलेला असतो.

---

आटपाडी_कोरडवाहू

ठरलं. जाती सहा, गट चार, कोरडी चाचणी पक्की. पाण्याची चाचणी शेततळं भरलं तरच. बी मागवताना पायाभूत मागवावं की प्रमाणित?

---

पीकशास्त्र_मिरज

पायाभूत मिळालं तर तेच घ्या, शुद्धता जास्त असते. नाही मिळालं तर प्रमाणित चालेल, पण सगळ्या जातींचं एकाच हंगामात तयार झालेलं हवं. पिशवीवरचं लेबल कापून वहीत चिकटवा, लॉट नंबरसकट. जुन्या लॉटचं बी कमी जोमाने उगवतं आणि पहिल्या तीन आठवड्यांतला तो फरक शेवटपर्यंत भरून निघत नाही.